मागच्या खोलीतलं दान

ऑक्सफर्डच्या ब्रॉड स्ट्रीटवर १७ नंबरला एक दुकान आहे. समोरच्या अंगाला बेलियल आणि ट्रिनिटी ही कॉलेजं, त्याच ओळीत ब्लॅकवेलचं पुस्तकांचं प्रसिद्ध दुकान. पर्यटकांचे कॅमेरे तिकडेच वळलेले असतात, १७ नंबरकडे फारसं कुणी बघत नाही. ब्रिटनमध्ये आज १०,०००हून अधिक चॅरिटी शॉप्स, म्हणजे दान आलेल्या वस्तू विकून धर्मादाय कामाला पैसे उभे करणारी दुकानं आहेत. त्यांची वंशावळ काढायला बसलं तर हे दुकान बरंच वर येतं.

१९४२ साली शहरातल्या सेंट मेरी चर्चमध्ये काही मंडळी जमली. ग्रीस जर्मन आणि इटालियन फौजांच्या ताब्यात होता, दोस्तराष्ट्रांनी समुद्रातून नाकेबंदी केली होती, आणि मधल्या मध्ये ग्रीक माणसं उपाशी मरत होती. नाकेबंदी सैल करा, अन्न आत जाऊ द्या, असं आपल्याच सरकारला सांगण्यासाठी या मंडळींनी ‘ऑक्सफर्ड कमिटी फॉर फॅमिन रिलीफ’ स्थापन केली. तारेसाठी घेतलेला तिचा छोटा पत्ता म्हणजे ‘ऑक्सफॅम’. पुढे तेच नाव रूढ झालं. (ग्रीससाठी कमिटी झाली त्याच्या पुढच्याच वर्षी ब्रिटिश अमलाखालच्या बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसं गेली, हे वाचताना आपल्याला आठवल्याशिवाय राहत नाही. या संस्थेची मदत भारतात आली ती १९५१च्या बिहारच्या दुष्काळात.)

युद्ध संपलं तरी ग्रीसची दैना संपली नव्हती. मदतीचं आवाहन केलं आणि लोकांनी हात सैल सोडून दिलं. इतकं दिलं, की ते सगळं बोटीत भरून पाठवणं परवडेना, आणि त्यातलं काही तर पाठवण्याजोगंही नव्हतं. उरलेलं इथेच विकावं आणि पैसे तिकडे पाठवावेत, असं ठरलं. १९४७-४८च्या हिवाळ्यात ब्रॉड स्ट्रीटवरचं हे दुकान उघडलं ते त्यासाठी. सुरुवातीच्या काळात देणगी म्हणून आलेल्या वस्तूंत दातांच्या कवळ्या होत्या, पेंढा भरलेले प्राणी होते, एक हाउसबोट होती आणि चक्क एक गाढव होतं. १९४९ मध्ये जो मिटी नावाचा गृहस्थ संस्थेचा पहिला पगारी नोकर म्हणून इथे आला, आणि काहीही आलं तरी त्याला गिऱ्हाईक शोधायचंच, हा त्याने धंद्याचा कायदा करून टाकला.

दान आलेलं विकायची कल्पना त्याचीही नव्हती आणि ऑक्सफॅमचीही नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला साल्व्हेशन आर्मी लंडनमध्ये जुने कपडे गोळा करून गरिबांना स्वस्तात विकत होती. १९३७ मध्ये एडिंबरात असं एक दुकान निघालं. युद्धाच्या काळात रेडक्रॉसने लंडनच्या उंची बाँड स्ट्रीटवर दुकान थाटलं होतं. पण ब्रॉड स्ट्रीटच्या दुकानाची जन्मकथा मला अधिक बोलकी वाटते, कारण ती दानाच्या अडगळीतून सुरू होते. माणसं देतात तेव्हा समोरच्याला काय हवंय याचा हिशेब क्वचितच करतात. आपल्या घरातून काय जायला हवंय, त्याचा करतात.

आज ब्रिटनमधल्या कोणत्याही मध्यम गावाच्या बाजाररस्त्यावरून चाला. थोड्या-थोड्या अंतरावर एक चॅरिटी शॉप लागेल. ब्रिटिश हार्ट फाउंडेशन, कॅन्सर रिसर्च यूके, बार्नार्डोज, स्यू रायडर, आणि शिवाय अखेरच्या आजारातल्या रुग्णांची देखभाल करणाऱ्या, त्या-त्या भागातल्या हॉस्पिसचं स्वतःचं दुकान. काचेत एखादा चहाचा सेट, फुलाफुलांचा झगा, लाकडी आगगाडी. आत गेलं की वाफेच्या इस्त्रीचा आणि जुन्या कापडाचा मिळून झालेला एक वास. चार-पाच पौंडांत शर्ट, दोनेक पौंडांत कादंबरी, भिंतीपाशी जिगसॉ पझलची खोकी. काही दुकानांत एखादी आजी ते पझल घरी नेते, पूर्ण लावून बघते आणि खोक्यावर चिठ्ठी चिकटवते, की तुकडे बरोबर आहेत, किंवा एक कमी आहे. एक कमी असला तरी ते विकलं जातं, फक्त किंमत उतरते. लेस्टर, हॅरो अशा भागांत हँगरवर साडीही दिसते. तिथल्या काही व्यवस्थापकांना तिची घडी कशी घालायची ते कळत नाही, म्हणून अख्खी साडी पडद्यासारखी लोंबत असते.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये या दुकानांत आपली पोरं दिसू लागतात. पुण्या-नाशकाहून एमएस्सी करायला आलेली, विमानात तेवीस किलोंच्या बॅगेत मेतकूट आणि कुकर कोंबून आणलेली. थंडीचा कोट नवा घ्यायचा तर शंभर पौंड, इथे पंधरा-वीसमध्ये. सोलापूरकडची एक मुलगी मला म्हणाली, “आईला व्हिडिओ कॉलवर कोट दाखवला आणि ‘सेलमध्ये घेतला’ म्हणून सांगितलं. कुणाचा तरी वापरलेला आहे म्हटलं असतं तर तिने रात्रभर झोप घेतली नसती.” कोट छान होता. आईची भीती त्या कोटाच्या दर्जाबद्दल नव्हतीच.

त्या भीतीकडे पुढे येऊ. आधी दुकानाच्या मागे जाऊ, कारण दुकान खरं चालतं ते तिथे.

साताऱ्याच्या एका काकू मला रेडिंगमध्ये भेटल्या. शाळेत तीस-बत्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या. मुलगा-सून कामावर, नात शाळेत, आणि बाहेर चारलाच मावळणारा दिवस. परदेशात मुलांकडे येऊन राहिलेल्या आपल्या आईवडिलांचं काय होतं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. व्हिजिटर व्हिसावर नोकरी करता येत नाही. मात्र नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी एका भेटीत एकूण तीस दिवसांपर्यंत स्वयंसेवा करता येते, एवढी फट नियमात आहे. सुनेने ती शोधून काढली आणि घराजवळच्या दुकानात अर्ज भरला. काकूंनी ते तीस दिवस आठवड्याला दोन याप्रमाणे पुरवून पुरवून वापरले.

“काउंटरवर नको म्हटलं मी,” काकू सांगत होत्या. “त्यांचं इंग्रजी मला समजत नाही, माझं त्यांना. मागे बसते म्हटलं. तर तिथेच सगळं बोलायला लागले बघ. हात कामात असले की भाषेची लाज वाटत नाही.”

मागच्या खोलीत कोण कोण असतं? ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कारासाठी समाजसेवेचे तास भरणारी पंधरा-सोळा वर्षांची मुलं. नवरा गेल्यावर घर खायला उठतं म्हणून येणाऱ्या बायका. बरीच वर्षं नोकरी नसलेला आणि आता पुढच्या अर्जासाठी कुणाचं तरी शिफारसपत्र हवं असलेला माणूस. कधी कोर्टाने शिक्षा म्हणून ठरावीक तास काम करायला पाठवलेला तरुण. इंग्रजी सुधारायला आलेली सीरियाची किंवा युक्रेनची बाई. एक पगारी व्यवस्थापक, फार तर एक साहाय्यक, बाकी सगळे बिनपगारी. यांना एकमेकांच्या घरात कधीच पाऊल ठेवायची वेळ आली नसती. इथे एकाच टेबलाभोवती उभे राहून पिशव्या फोडतात.

पिशवी फोडणं हे कामाचं मुख्य अंग. हातमोजे घालायचे, कारण आत काय असेल सांगता येत नाही. पहिल्या नजरेत तीन ढीग: विकण्याजोगं, चिंध्यांत जाणारं, थेट कचरा. विकण्याजोग्या कपड्याची शिवण, काखा, कॉलर, चेन तपासायची, खिसे उलटायचे. मग हँगर, हँगरवर मापाचा रंगीत ठोकळा, स्टीमरची वाफ, आणि टॅग-गनने किमतीचा कागद. त्या कागदावर बारीक अक्षरात आठवड्याचा क्रमांक असतो. दोन-तीन आठवडे झाले आणि कपडा गेला नाही, की तो खाली उतरतो. दुसऱ्या गावच्या शाखेत जातो नाहीतर चिंध्यांच्या पोत्यात. गिऱ्हाइकाला या क्रमांकाचा पत्ता नसतो, पण अख्ख्या दुकानाचा श्वासोच्छ्वास त्यावर चालतो. रोज नव्या पिशव्या येतातच. जुनं हललं नाही तर नव्याला जागा कुठली?

नकाराची यादीही मोठी आहे. आग प्रतिबंधाचं लेबल नसलेला सोफा घेता येत नाही, १९८८च्या नियमांनी तो विकायला बंदी आहे. सुरक्षेचं चिन्ह नसलेलं खेळणं नको. सायकलचं हेल्मेट नको, कारण एकदा आपटलेलं आहे की नाही ते बाहेरून दिसत नाही. गाडीतली लहान मुलांची खुर्ची त्याच कारणासाठी नको. विजेची उपकरणं चाचणीची सोय असेल तिथेच. उशा, रजया बहुतेक ठिकाणी नकोतच. काकूंना सुरुवातीला हे फार जड गेलं. “चांगलं पोळपाटाएवढं टोस्टर होतं गं, नवंकोरं. आणि म्हणे फेका!” नंतर मात्र त्या इतक्या कडक झाल्या, की व्यवस्थापकाने बाजूला काढलेल्या शर्टांतूनही नापास शोधू लागल्या.

देणाऱ्यांचे प्रकार तिथे पिशवीवरून कळतात. धुऊन, इस्त्री करून, बटणं लावून घडी घातलेले कपडे आले, की टेबलावर सगळ्यांचे आवाज बदलतात. दुसऱ्या टोकाला असतात एकच बूट, ओलीचिंब पुस्तकं, न धुतलेले मोजे, आणि रात्री दुकान बंद असताना दाराशी टाकून गेलेल्या पिशव्या, ज्या सकाळपर्यंत पावसाने किंवा कोल्ह्यांनी निकामी केलेल्या असतात. त्या उचलून नेण्याचा खर्च धर्मादाय संस्थेलाच पडतो. पुस्तकांची तऱ्हा आणखी वेगळी. जे सगळ्यांनी घेतलं, ते सगळेच एकदम द्यायला येतात. २०१६ मध्ये स्वान्झीच्या ऑक्सफॅम दुकानात ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’च्या इतक्या प्रती साठल्या, की तिथल्या लोकांनी मागच्या बाजूला त्यांचा किल्ला रचला आणि कृपया आता हे पुस्तक आणू नका, अशी हसत हसत विनंती केली. दिवाळीत आपल्याकडे सोनपापडीचे डबे जसे घरोघर फिरतात, तसंच हे.

आणि तिसरा प्रकार. एकाच मापाचे, एकाच माणसाचे पस्तीस-चाळीस कपडे. सूट, टाय, घरातले स्वेटर, चालण्याचे बूट. सोबत एखादी मध्यमवयीन मुलगी, जी पिशव्या ठेवते आणि पटकन निघून जाते. “पहिल्यांदा तसं आलं तेव्हा मी हात आखडला,” काकू म्हणाल्या. “म्हटलं, गेलेल्या माणसाचं आहे. शेजारी एक बाई होती, मार्गारेट की काय, नाव आता नीट आठवत नाही. तिने एकेक स्वेटर हातात घेतला, झटकला आणि म्हणाली, याची बायको रोज धुवत असणार बघ. मग मीही घेतला.” खिशांत नाटकाची तिकिटं, वाण्याच्या याद्या, चष्मा पुसायचं फडकं निघतं. पैसे निघाले तर ते व्यवस्थापकाकडे जातात. पत्रं निघाली तर शक्य असेल तिथे परत केली जातात.

देणाऱ्याला काउंटरवर एक प्रश्न विचारतात: तुम्ही इथे कर भरता का? हो म्हटलं, की तुमच्या पिशवीवर एक स्टिकर बसतो. यामागची व्यवस्था मोठी चतुर आहे. ब्रिटनमध्ये करदात्याने संस्थेला एक पौंड रोख दिला, तर संस्थेला सरकारकडून वर २५ पेन्स मिळतात. याला गिफ्ट एड म्हणतात. पण ही सवलत पैशाला आहे, वस्तूला नाही. म्हणून कागदोपत्री असं धरतात, की तुमचा कोट तुमचाच आहे, दुकान फक्त तुमच्या वतीने विकून देणारा दलाल आहे. विकल्यावर संस्था तुम्हाला कळवते, की तुमच्या वस्तूंचे इतके पौंड आले. हवे असतील तर परत घ्या, मुदतीत काही बोलला नाहीत तर ते तुमचं दान समजू. बहुतेक सगळे गप्प राहतात. त्या गप्प बसण्यावर संस्थेला दर पौंडामागे पाव पौंड जादा मिळतो. देणाऱ्यालाही पत्रातून समजतं, की आपल्या त्या जुन्या कोटाचे नेमके किती आले. कित्येकांचा गर्व तिथेच उतरत असावा.

हे सगळं बघताना मला वाटत राहिलं, की या दुकानाची खरी करामत त्या टॅगमध्ये आहे. चार पौंडांची किंमत लागली, की कोट पुन्हा माल होतो. विकत घेणारा कुणाचे उपकार घेत नाही. त्याला तो उलटसुलट करून बघता येतो, ‘नको’ म्हणून परत टांगता येतो, घासाघीसही करून पाहता येते. बँकेतला अधिकारी आणि सरकारी भत्त्यावर जगणारी बाई एकाच रांगेत उभे असतात, आणि कोण गरजेपोटी आलंय, कोण हौसेपोटी, हे काउंटरवरच्या माणसाला कळत नाही. कळायची गरजही नाही. देणाऱ्यालाही घेणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, त्यामुळे कृतज्ञता वसूल करण्याची सोय राहत नाही.

आपल्याकडे नेमकी हीच सोय असते. दिवाळीची साफसफाई निघाली, की कपाटातल्या साड्यांचा एक गठ्ठा घरकामाच्या बाईंना दिला जातो, आणि त्या ‘नको’ म्हणू शकत नाहीत. ब्लाउज होत नाही, रंग आवडत नाही, घरी ठेवायला जागा नाही, यातलं काही बोलायचं नसतं. हसून घ्यायचं असतं. सोलापूरच्या त्या आईची भीती इथली आहे: उतरलेलं नेसणारे आपण नव्हे, ते दुसरे. वापरलेल्या कपड्याचा विटाळ कापडात नाही, कुणाकडून कुणाकडे गेला यात आहे. नाहीतर तान्ह्या बाळाला पहिले काही दिवस नवं कापड न घालता दुसऱ्या बाळाची जुनी झबली आपण मागून आणली नसती, आणि आजीच्या लुगड्याची गोधडी अंगावर ओढून घेतली नसती. घरातलं, जवळचं जुनं चालतं. विकत घेतलेलंही एक वेळ चालेल. दिलेलं मात्र टोचतं.

आपत्तीत हे सगळ्यात उघडं पडतं. २००४च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर देशभरातून जुन्या कपड्यांचे ट्रक आले, आणि ते कपडे रस्त्याकडेला ढिगाने पडून राहिले. मच्छीमार समाजातल्या अनेकांनी त्यांना हात लावला नाही. घर वाहून गेलं होतं. मान गेला नव्हता. तिथले ढीग उचलून वर्गवारी करण्याचं काम ज्यांनी केलं त्यांत ‘गूंज’ होती. अंशू गुप्ता यांनी दिल्लीत १९९९च्या सुमारास घरातल्या ६७ कपड्यांपासून ही संस्था उभी केली. त्यांना २०१५ मध्ये रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गूंजने कपड्याला रुपयांत किंमत लावली नाही, श्रमांत लावली. गावाने आपली अडचण ठरवायची, विहीर खोदायची, बांध घालायचा, रस्ता नीट करायचा, आणि मग त्या कामाचा मोबदला म्हणून घरागणिक कपड्यांचा संच घ्यायचा. ब्रॉड स्ट्रीटवरचं दुकान आणि गावकऱ्यांनी घातलेला बांध यांच्यात दिसायला काही साम्य नाही, पण दोन्हीकडे घेणारा ताठ मानेने घेतो. त्या मानाने आपल्या शहरांत गेल्या काही वर्षांत उभ्या राहिलेल्या ‘माणुसकीच्या भिंती’ मला अपुऱ्या वाटतात. ‘नको असेल ते द्या, हवं असेल ते न्या’ ही कल्पना २०१५ मध्ये इराणमधून जगभर पसरली आणि महाराष्ट्रात मनापासून उचलली गेली. हेतू निर्मळ आहे. पण भिंतीला मागची खोली नसते. जे टांगलं तेच लोंबतं. फाटकं वेगळं काढायला कुणी नाही. आणि भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत खुंटीवरून कपडा काढणं सोपं नसतं.

चॅरिटी शॉपवर टीका होते, आणि तीही खोटी नाही. या दुकानांना स्थानिक व्यवसाय-करात ८० टक्के सूट असते, दान आलेल्या वस्तूंच्या विक्रीवर व्हॅट शून्य दराने लागतो, माल फुकट, बहुतेक हात फुकट. शेजारच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराने यांच्याशी झुंजायचं कसं? ऑक्सफॅमने १९८७ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जाइल्समध्ये फक्त पुस्तकांचं दुकान काढलं, तेव्हापासून हे भांडण चालू आहे. दुसरी तक्रार किमतींची. आता चांगला ब्रँड दिसला, की व्यवस्थापक फोनवर ऑनलाइन भाव बघतो आणि तोच लावतो. लंडनच्या श्रीमंत भागांतल्या चॅरिटी शॉपमध्ये गरीब माणूस कोट घ्यायला जात नाही, तिथे हौशी लोक खजिना शोधायला जातात. सकाळी दार उघडताच शिरून चांगलं तेवढं उचलणारे आणि संध्याकाळी ते व्हिंटेड या जुन्या कपड्यांच्या ॲपवर विकणारे वेगळेच. संस्थेचं उत्तर ठरलेलं आहे: आमचं काम कॅन्सरच्या संशोधनाला पैसे उभे करायचं, स्वस्त कपडे पुरवायचं नाही. उत्तर बरोबर आहे, तरी त्यात काहीतरी निसटतं. ज्या किमतीने गरजूचा मान राखला, तीच वाढत गेली तर त्याला दाराबाहेर ठेवते.

चांगुलपणावर चाललेला धंदा भरवशावर चालतो, आणि भरवसा मोडला की पिशव्याही थांबतात. २०१८ मध्ये हैतीतल्या ऑक्सफॅम कर्मचाऱ्यांच्या लैंगिक गैरवर्तनाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा हजारो नियमित देणगीदारांनी पाठ फिरवली, आणि ज्यांनी त्या प्रकरणाशी काडीचाही संबंध नसताना वर्षानुवर्षं काउंटर सांभाळले, त्यांना गिऱ्हाइकांची बोलणी खावी लागली. त्यात खर्चही वाढले. एप्रिल २०२५ पासून मालकाला भरावा लागणारा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १३.८ वरून १५ टक्के झाला, किमान वेतनही वाढलं. व्यवस्थापक पगारी असतो, त्यामुळे लहान शाखांचं गणित कोलमडू लागलंय.

आता चिंध्यांच्या पोत्याकडे. पिशवीतलं बरंचसं दुकानाच्या रॅकवर कधी येतच नाही. ते किलोच्या भावाने चिंध्यांच्या व्यापाऱ्याकडे जातं आणि तिथून जगभर पसरतं. घानामध्ये अक्राच्या कांटामांटो बाजारात, जिथे जानेवारी २०२५च्या आगीत बहुतेक गाळे जळून गेले आणि विक्रेत्यांनी ते पुन्हा उभे केले. केनियात, पोलंडमध्ये, पाकिस्तानात. आणि पानिपतात.

पानिपत म्हटलं की आपलं मन १७६१मध्ये जातं, तिथल्या कापडगिरण्यांत कुणाचं जात नाही. पण जुनी लोकर फाडून तिचं पुन्हा सूत काढण्याचं हे शहर जगातलं मोठं केंद्र झालं. ही विद्या मूळची इंग्लंडची. यॉर्कशरमधल्या बॅटली गावी बेंजामिन लॉ याने १८१३ मध्ये लोकरीच्या चिंध्या फाडून, नव्या लोकरीत मिसळून कापड विणलं. त्याला ‘शॉडी’ म्हणतात. योगायोग असा, की ऑक्सफॅमने १९७४ मध्ये हडर्सफील्डला सुरू केलेलं न विकल्या जाणाऱ्या कपड्यांचं ‘वेस्टसेव्हर’ केंद्र पुढे याच बॅटलीत आलं. तिथे आता कपडे निवडले जातात. शॉडी विणायचं काम मात्र पानिपतात गेलं. अंगात घालता येतील असे परदेशी जुने कपडे भारतात सहज येऊ नयेत, म्हणून चिंध्या म्हणून येणाऱ्या मालावर आधीच कातरीचे वार करावे लागतात. पानिपतातल्या गोदामांत बायका ओळीने बसतात, समोर विळीसारखं उभं पातं. बटण, चेन, लेबल, अस्तर काढायचं आणि लोकर रंगारंगाने वेगळी करायची: लाल लालमध्ये, निळी निळ्यामध्ये. मग सूत रंगवावं लागत नाही. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२च्या माहितीपटात या बायका आपसांत तर्क करतात, की तिकडचे लोक इतके चांगले कपडे का टाकतात. तिकडे पाणी महाग असावं, धुवायला परवडत नसेल, असा त्यांचा एक अंदाज असतो.

त्या सुतापासून विणलेल्या स्वस्त, जाड घोंगड्या वर्षानुवर्षं मदतसंस्था विकत घेत आल्या. भूकंप झाला, पूर आला, की पानिपतच्या घोंगड्या. म्हणजे रेडिंगच्या कुणा आजोबांचा न विकला गेलेला स्वेटर घोंगडी होऊन कुठल्याशा छावणीत पोचत असे. तो मार्गही आता आक्रसलाय. पॉलिएस्टरचं फ्लीस ब्लँकेट हलकं, मऊ आणि स्वस्त. मदतसंस्थांनाही तेच आवडतं. शिवाय ब्रिटनमधून येणाऱ्या स्वेटरांतच निखळ लोकर कमी आणि ॲक्रिलिक जास्त.

काकू आता साताऱ्यात परतल्या आहेत आणि त्यांच्या डोक्यात दुकान शिरलंय. माहेरच्या वाड्यातली पुढची खोली रिकामी आहे, ज्येष्ठ नागरिक संघातल्या आठ-दहा बायका तयार आहेत, टॅग-गन त्या बॅगेत घालून घेऊनच आल्या. फोनवर आमचे वाद होतात. माझा आक्षेप बोहारणींबाबत आहे. जुन्या साड्या घेऊन स्टीलची पातेली देणाऱ्या या बायका, मुख्यत्वे गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजातल्या, पिढ्यान्पिढ्या आपल्या दारात बसून कापड पारखत आल्या आहेत. जर कुठली आहे, साडी कुठे विरली आहे, डाग जाईल की नाही, ते त्या दोन बोटांनी सांगतात. त्या घासाघीस करतात, आणि देणाऱ्या गृहिणीलाही कधी उपकार केल्याचं समाधान मिळू देत नाहीत. उद्या साताऱ्यातलं चांगलं कापड धर्मादाय म्हणून वाड्यात फुकट जाऊ लागलं, तर यांच्या टोपलीत काय येणार? ब्रिटनमध्ये जी तक्रार पुस्तकवाल्यांनी केली ती इथे कुणी करणारही नाही, कारण या बायकांची संघटना नाही. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था जुन्या वस्तू गोळा करण्याच्या मोहिमा काढते, तिथे निदान गोळा करणारे हात त्यांचेच असतात.

काकूंनी हे ऐकून घेतलं. गणिताच्या बाई, लगेच हार मानणाऱ्या नव्हेत.

“मग पारखायला आणि भाव लावायला तिलाच बसवू,” त्या म्हणाल्या. “आम्ही वाफ देऊ, हँगर लावू. पण मग तिला पगार द्यायला हवा गं. तिने काय म्हणून फुकट बसावं? आम्हाला पेन्शन आहे.”

पगार कशातून द्यायचा, यावर आमचं अजून जमलेलं नाही. काकूंचं म्हणणं, जरीच्या साड्यांच्या विक्रीतून. माझं म्हणणं, चार खऱ्या जरीच्या साड्या आल्या की त्यातल्या दोन संघातल्या बायकाच आपसांत घेतील.